स्वादुपिंडाजवळची पाण्याची गाठ: थांबायचं, नळी टाकायची की ऑपरेशन करायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लातूर, बीड, धाराशिव, नांदेड, परभणीकडून पोटविकारांच्या ओपीडीत येणारे नातेवाईक एक जाडजूड फाईल टेबलावर ठेवतात. त्यात सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो: स्वादुपिंडाजवळ अमुक सेंटिमीटरची सिस्ट. सोबत तीन डॉक्टरांचे तीन सल्ले असतात. एकानं थांबायला सांगितलेलं असतं, दुसरा पोटावरून नळी टाकायला तयार असतो, तिसऱ्यानं हैदराबादची चिठ्ठी दिलेली असते. घरची मंडळी गोंधळून जातात आणि शेवटी जो सल्ला लवकर मोकळं करेल असं वाटतं, तो निवडतात.

मी सर्जन आहे, ही ऑपरेशनं करतो. तरीही सांगतो, कोणता मार्ग चांगला हा प्रश्न शेवटचा आहे. त्याआधी गाठ नक्की कसली आहे, किती आठवड्यांची आहे, ती त्रास देतेय का, आत नुसतं पाणी आहे की गाळ, स्वादुपिंडाची नळी शाबूत आहे का आणि उपचारानंतर रुग्णाला परत तपासणीला येणं जमणार आहे का, हे विचारायचं असतं. या प्रश्नांची उत्तरं मिळाली की मार्ग बहुतेक वेळा आपोआप ठरतो.

रिपोर्टमध्ये ‘स्यूडोसिस्ट’ लिहिलंय. हा कॅन्सर आहे का?

नाही. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवं असतं. अन्न पचवणारा रस त्यात तयार होतो आणि एका बारीक नळीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जातो. स्वादुपिंडाला जोराची सूज आली किंवा मार लागला, की ही नळी किंवा तिची फांदी कुठेतरी फुटते आणि रस बाहेर झिरपतो. तो आजूबाजूच्या अवयवांमध्ये साचतो. शरीर हळूहळू त्याभोवती जाड भिंत उभी करतं. ही भिंत जठर, आतडं आणि आजूबाजूच्या पडद्यांवरच्या सुजेतून बनलेली असते, तिला आतून पेशींचं अस्तर नसतं. तिचा कॅन्सर होत नाही.

मात्र रिपोर्टवर स्यूडोसिस्ट लिहिलंय म्हणून ती स्यूडोसिस्टच आहे, असं धरून चालू नका. पुढचं उत्तर त्यासाठीच आहे.

मग सगळ्या सिस्ट सारख्याच नसतात का?

नसतात, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते.

स्यूडोसिस्टला जवळजवळ नेहमी मागचा इतिहास असतो. काही आठवड्यांपूर्वी वरच्या पोटात असह्य दुखलं, ते पाठीत गेलं, उलट्या झाल्या, ॲडमिट करावं लागलं, रक्तात अमायलेज किंवा लायपेज (स्वादुपिंडातले पाचक घटक) नेहमीच्या तिपटीच्या वर गेलं. नाहीतर मोटारसायकलच्या हँडलचा पोटावर मार बसला. असा काहीच इतिहास नसताना, समजा पंचेचाळिशीच्या एखाद्या बाईच्या सोनोग्राफीत स्वादुपिंडाच्या मधल्या किंवा शेपटीकडच्या भागात सहज गाठ सापडली, तर ती चिकट द्रव तयार करणारी खरी गाठ असू शकते. तिच्यात पुढे कॅन्सर होण्याचा धोका असतो. तिला भोक पाडून आतलं पाणी जठरात सोडणं हा उपचार नाही, ती गाठ काढूनच टाकावी लागते. निचरा करून मोकळं झालं, तर काढण्याची चांगली संधी हातची जाते.

शंका असेल तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडनं, म्हणजे टोकाला सोनोग्राफीचा प्रोब असलेल्या दुर्बिणीनं, आतलं पाणी तपासायला घेतात. स्यूडोसिस्टच्या पाण्यात अमायलेज खूप जास्त असतं. चिकट द्रवाच्या गाठीत सीईए नावाचा घटक वाढलेला असतो. १९२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेला की संशय पक्का होत जातो.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट. घरी मेंढ्या असतील, कुत्र्यांचा सतत वावर असेल, तर हायडॅटिड नावाची जंताची गाठ होऊ शकते. स्वादुपिंडात ती क्वचितच होते, पण होते. तिला तयारीशिवाय सुई टोचली तर पाणी पोटात सांडून जोराची ॲलर्जी येऊ शकते, जीवावरही बेतू शकतं. म्हणून मेंढपाळ कुटुंबातल्या रुग्णानं हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. कोणी विचारेल याची वाट पाहू नये.

ही गाठ होण्याची कारणं काय?

दारू आणि पित्ताशयातले खडे ही दोन मोठी कारणं. रक्तातले ट्रायग्लिसराइड्स १००० मिलिग्रॅमच्या वर जाणं, कॅल्शियम वाढणं, काही औषधं, पोटावरचा मार, ईआरसीपीनंतर (तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळीत केलेल्या प्रक्रियेनंतर) आलेली सूज हीही कारणं आहेत. लहान मुलांत सायकलचं हँडल पोटात घुसणं हे नेहमीचं कारण. कारण शोधलंच पाहिजे, कारण ते तसंच राहिलं तर निचरा कितीही चांगला झाला तरी पुढचा झटका ठरलेला असतो.

गाठ १० सेंटिमीटरची आहे. एवढी मोठी म्हणजे ऑपरेशन लागणारच ना?

लागेलच असं नाही. पूर्वी सहा सेंटिमीटर आणि सहा आठवडे असा सरळ नियम होता. गाठ त्याहून मोठी आणि जुनी असली की हात घालायचा. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासानं दाखवलं होतं की सहा आठवड्यांनंतर गाठ आपोआप जिरण्याची शक्यता कमी होते आणि गुंतागुंत वाढते. त्यावर हा नियम उभा होता. १९९० च्या आसपास दुसऱ्या अभ्यासांतून वेगळं चित्र दिसलं: ज्यांना त्रास नाही अशा बऱ्याच रुग्णांच्या मोठ्या गाठीही नुसत्या लक्ष ठेवल्यावर लहान झाल्या किंवा तशाच निरुपद्रवी राहिल्या. आज केवळ आकारावरून निर्णय घेत नाहीत.

आकाराचा अर्थ मात्र नीट समजून घ्या. सहा सेंटिमीटरच्या गोल गाठीत जेमतेम एकशे तेरा मिलिलिटर पाणी मावतं, दहाच्या गाठीत अर्धा लिटर, पंधराच्या गाठीत पावणेदोन लिटर. म्हणून रिपोर्टमध्ये गाठ दहावरून बारावर गेली तर वाढ दिसते त्यापेक्षा बरीच जास्त असते, आणि बारावरून दहावर आली तर तेही खरं समाधानाचं असतं.

निचरा लागतो तो त्रासासाठी. दोन घास खाल्ले की पोट गच्च होणं, खाल्लेलं उलटून पडणं, वजन उतरणं, सतत दुखणं, गाठीच्या दाबानं कावीळ होणं, ताप येणं म्हणजे गाठीत पू होणं, किंवा गाठ झपाट्यानं वाढत जाणं. यांपैकी काहीच नसेल आणि माणूस जेवतोखातो, कामाला जातो, तर दर काही आठवड्यांनी सोनोग्राफी करत राहणं हा पूर्ण उपचार आहे. “डॉक्टरनं काहीच केलं नाही” असं समजू नका.

सूज येऊन तीनच आठवडे झालेत. निचऱ्यासाठी थांबायला का सांगतात?

कारण भिंत तयार व्हायला वेळ लागतो. अटलांटा वर्गीकरणात, जे २०१२ मध्ये सुधारलं गेलं, चार आठवड्यांच्या आत साचलेल्या पाण्याला स्यूडोसिस्ट म्हणतच नाहीत. ते नुसतं साचलेलं पाणी असतं आणि त्यातलं बरंचसं आपोआप शोषलं जातं. चार आठवड्यांनंतर भिंत पक्की होते. त्याआधी भिंतीला टाका घालणं म्हणजे दुधावरच्या ताज्या सायीत सुई घालणं आहे. टाका धरतच नाही, जोड सुटतो आणि पोटात रस पसरतो. दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे निचऱ्याची वाट उघडी ठेवणारी छोटी नळी, टाकायलाही हीच भिंत लागते.

तीन आठवड्यांत घाई करावी लागते ती जंतुसंसर्गानं तब्येत ढासळत असेल तर. तेव्हाही मोठं ऑपरेशन न करता पोटावरून नळी टाकून वेळ काढतात.

थांबण्याच्या काळात घरी काय करायचं?

खाणं बंद करू नका. हा गैरसमज फार पसरलाय. दुखत नसेल, उलट्या नसतील तर थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खायला द्या: मऊ भाकरी कुस्करून वरणात, भात, मुगाची खिचडी, साय काढलेलं दूध, ताक, अंड्याचा पांढरा भाग. तर्री, तळण, शेंगदाण्याचा कूट, तूप काही दिवस बाजूला ठेवा. जेवण अजिबात जात नसेल तर नाकातून बारीक नळी जठराच्या पुढे लहान आतड्यात नेऊन त्यातून पातळ आहार देतात. नळीला नातेवाईक घाबरतात, पण सलाईनवर महिना काढण्यापेक्षा ती कितीतरी चांगली. सलाईननं पोषण होत नाही.

साखर तपासत राहा, कारण इन्सुलिनही स्वादुपिंडातच तयार होतं. जुलाब तेलकट, पाण्यावर तरंगणारे आणि दुर्गंधीचे असतील तर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात. त्या जेवणासोबत घ्यायच्या, उपाशीपोटी नाही.

आणि बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेऊ नका. पोटावर बिब्बा घालणं, डाग देणंही नको. ताणलेल्या गाठीवर दाब पडला तर ती पोटात फुटू शकते. डागलेल्या जागेची कातडी पिकली, तर तिथून नळी टाकणं किंवा चीर देणंही अवघड होऊन बसतं. घरातल्या मोठ्यांना हे समजावणं सोपं नसतं, हे मला माहीत आहे. त्यांना ओपीडीत सोबत घेऊन या, आम्ही बोलतो.

निर्णयाआधी कोणत्या तपासण्या लागतात?

सोनोग्राफीनं गाठ आहे एवढं कळतं, मार्ग ठरत नाही. त्यासाठी शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन हवा. त्याआधी क्रिएटिनिन तपासून किडनी ठीक असल्याची खात्री करतात.

सीटीमध्ये मी चार गोष्टी पाहतो. भिंत किती जाड आहे. गाठ जठराला किंवा ड्युओडेनमला (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला) चिकटली आहे की मध्ये अंतर आहे; एक सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर दुर्बिणीतून जोडणं धोक्याचं होतं. प्लीहेची शीर गुठळीनं बंद झाली आहे का, कारण मग जठराच्या भिंतीत फुगलेल्या शिरा असतात आणि तिथे भोक पाडलं तर रक्ताची धार लागते. चौथी गोष्ट गाठीला लागून असलेली धमनी. पाचक रसानं तिची भिंत खाल्ली गेली तर तिथे फुगा तयार होतो. असा फुगा असताना गाठ रिकामी केली तर त्याच्यावरचा दाब जातो आणि तो फुटतो. म्हणून आधी मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून जाऊन तो बंद करतात, निचरा त्यानंतर. रुग्णाचं हिमोग्लोबिन अचानक उतरलं, काळी शौच झाली, तर डोक्यात पहिला विचार याचाच यावा.

एमआरआय आणि एमआरसीपीनं (एमआरआयवरच घेतलेल्या पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांच्या चित्रानं) आणखी दोन गोष्टी कळतात. आत पाणी किती आणि मेलेल्या ऊतींचा गाळ किती, हे सीटीत नीट दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. दुसरं म्हणजे स्वादुपिंडाची नळी सलग आहे, अरुंद झाली आहे की मधूनच तुटली आहे. हा दुसरा मुद्दा फाईलमध्ये बहुतेक वेळा नसतो आणि गाठ पुन्हा होणार का, हे त्याच्यावरच अवलंबून असतं.

पोटावरून नळी टाकली तर काम भागेल का?

सोनोग्राफी किंवा सीटीखाली पाहत कातडीतून टोक वळलेली पिगटेल नळी घालतात. जागा बधिर करून होतं, पूर्ण भूल लागत नाही, जिल्ह्याच्या ठिकाणीही करता येतं. गाठीत पू झाला आहे, रुग्ण अशक्त आहे, रक्तदाब उतरतोय, भिंत अजून कच्ची आहे, अशा वेळी ही नळी जीव वाचवते. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या एका चाचणीत, गाळ आणि जंतुसंसर्ग असलेल्या रुग्णांत आधी नळी टाकून गरज पडली तरच पुढे जायचं ठरवलं, तेव्हा सुमारे ३५ टक्के रुग्णांना नळीशिवाय काहीच लागलं नाही.

पण गाठ स्वादुपिंडाच्या नळीशी जोडलेली असेल तर रस रोज येत राहतो. मग पोटावरची नळी निघतच नाही, आणि काढली तर त्या वाटेनं कातडीवर रस वाहत राहतो. त्यातून होणारी आग मी पाहिली आहे. कमरेपाशी कातडी लालभडक सोललेली, सदरा टेकवता येत नाही, रुग्ण रात्रभर एका कुशीवर. म्हणून शांत, स्वच्छ, भिंत पक्की झालेल्या स्यूडोसिस्टला सोय आहे म्हणून बाहेरून नळी टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

नळी असेलच तर घरच्यांनी पिशवी कायम कमरेच्या खाली ठेवायची, सांगितल्याप्रमाणे १० ते २० मिलिलिटर निर्जंतुक सलाईननं धुवायची, रोजचा निचरा वहीत लिहायचा. उन्हाळ्यात निचरा जास्त असेल तर मीठ-पाणी कमी पडून चक्कर येते. ओआरएस घरात ठेवा.

दुर्बिणीतून म्हणजे नक्की काय करतात?

तोंडातून एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड जठरात नेतात. जठराच्या मागच्या भिंतीपलीकडची गाठ आणि मधल्या रक्तवाहिन्या पडद्यावर दिसतात. सुरक्षित जागा पाहून सुई घालतात, वाट रुंद करतात आणि स्टेंट बसवतात. गाठीतलं पाणी जठरात उतरतं आणि तिथून नेहमीच्या वाटेनं पुढे जातं. पोटावर टाका नाही, दोन-तीन दिवसांत घरी.

स्टेंट दोन प्रकारचे. प्लास्टिकचे बारीक, दोन्ही टोकांना वळलेले. नुसतं पाणी असेल तर दोन-तीन बसवून काम होतं आणि ते स्वस्त पडतात. दुसरा धातूचा रुंद, दोन्ही बाजूंना कडा असलेला. गाळ असेल तर हाच उपयोगी, कारण त्याच्या १०-१५ मिलिमीटरच्या तोंडातून दुर्बीण आत घालून गाळ काढता येतो. मात्र तो साधारण तीन-चार आठवड्यांत काढावाच लागतो. गाठ आकसली की त्याची आतली कड धमनीला घासते आणि मोठा रक्तस्राव होऊ शकतो.

धोके इथेही आहेत: रक्तस्राव, भोक पडून पोटात हवा किंवा रस जाणं, स्टेंट सरकणं, स्टेंट गाळानं तुंबून ताप येणं. गाठ लहान आणि मुख्य नळीशी जोडलेली असेल तर ईआरसीपी करून नळीतच स्टेंट टाकण्याचा मार्गही आहे; नळी अरुंद झालेली असेल तेव्हा तो विशेष कामाचा.

मग ऑपरेशन कोणाला लागतं?

गाठ जठरापासून दूर, खाली मोठ्या आतड्याच्या पडद्याकडे असेल तर. दुर्बिणीचा प्रयत्न फसला किंवा गाठ परत भरली तर. गाठीसोबत पित्ताशयही काढायचं असेल तर. जुन्या पॅन्क्रियाटायटिसमुळे, म्हणजे स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेमुळे, मुख्य नळी फुगून तिच्यात खडे असतील तर, कारण मग नळी उघडून आतड्याला जोडता येते आणि दुखणं व गाठ दोन्हींचा एकत्र बंदोबस्त होतो. आणि गाठ खरीच स्यूडोसिस्ट आहे का याची शंका असेल तर.

ऑपरेशनचे मुख्य प्रकार तीन. गाठ जठराच्या मागच्या भिंतीला चिकटलेली असेल तर ती जठरालाच जोडतात. नसेल तर लहान आतड्याची एक मोकळी केलेली बाही वर आणून तिला जोडतात, म्हणजे अन्न त्या वाटेनं जात नाही. गाठ शेपटीत असेल आणि तिथली नळी तुटलेली असेल, तर स्वादुपिंडाचा तेवढा भाग, बऱ्याचदा प्लीहेसकट, काढतात. प्लीहा काढायची असेल तर न्यूमोकोकस वगैरे जंतूंच्या लसी शक्यतो दोन आठवडे आधी द्याव्या लागतात. हे आधी सांगितलं गेलं नसेल तर विचारा.

जठराला जोडण्याचं ऑपरेशन नक्की कसं करतात, हे नातेवाईक नेहमी विचारतात. जठराची पुढची भिंत उभी उघडायची. आतून बोट फिरवलं की मागच्या भिंतीत गाठीचा फुगवटा ताणलेला जाणवतो. तिथे आधी सुई घालून पाहायचं. तपकिरी, गढूळ पाणी आलं तरच पुढे, रक्त आलं तर थांबायचं. मग त्याच जागी चार-पाच सेंटिमीटरची चीर द्यायची. पाणी सक्शनमध्ये जातं, बाटली भरते, ॲनेस्थेटिस्ट मॉनिटरवर लक्ष ठेवून असतो. बोटानं आतले पडदे मोडायचे, सैल गाळ हळूच काढायचा, ओढायचा नाही. भिंतीचा एक तुकडा पॅथॉलॉजीला पाठवायचा. जठर आणि गाठीच्या कडा एकमेकींना टाक्यांनी शिवायच्या, म्हणजे वाटही उघडी राहते आणि कडेतून रक्तही येत नाही. शेवटी पुढची भिंत बंद. भिंतीचा तो तुकडा हा ऑपरेशनचा एक मोठा फायदा आहे. त्याचा रिपोर्ट आणायला विसरू नका, बरीच मंडळी टाके निघाले की तो लॅबमध्येच सोडतात.

हे लॅपरोस्कोपीनं होतं का?

होतं, म्हणजे पोटाला बारीक छिद्रं पाडून. अनुभवी हातात चांगलं होतं. दुखणं कमी, सुट्टी लवकर. आधीची ऑपरेशनं किंवा खूप चिकटलेलं पोट असेल तर उघडूनच करावं लागतं.

तुम्हीच सांगा, दुर्बीण चांगली की ऑपरेशन?

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निकाल आले. ४० रुग्ण, निम्म्यांना दुर्बिणीतून आणि निम्म्यांना ऑपरेशननं जठराला जोड. गाठ बरी होण्यात फरक नव्हता. रुग्णालयातला मुक्काम मात्र दुर्बिणीत दोन दिवस आणि ऑपरेशनमध्ये सहा दिवस, खर्चही दुर्बिणीचा जवळपास निम्मा. म्हणून जठराला चिकटलेली, पाण्याची, पक्क्या भिंतीची गाठ असेल आणि सोय मिळत असेल, तर मी स्वतः रुग्णाला दुर्बिणीसाठी पाठवतो. माझं ऑपरेशन वाचलं याचं मला समाधानच वाटतं.

फक्त लक्षात घ्या, त्या चाचणीतले रुग्ण निवडलेले होते आणि पुढच्या तपासण्यांना येत होते. आपल्याकडे तिथेच घोडं अडतं.

दसऱ्यानंतर आम्ही ऊसतोडीला जातो. स्टेंट काढायला यायला जमेल का माहीत नाही. काय करावं?

हे डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगा. लाजू नका.

बीड, धाराशिव, जालन्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात आणि उन्हाळ्यातच परततात. मुकादमाची उचल घेतलेली असते, मध्येच फडावरून सुटून येणं जवळपास अशक्य असतं. अशा माणसाला ऑक्टोबरात धातूचा स्टेंट टाकून “चार आठवड्यांनी या” म्हणणं म्हणजे त्याला रक्तस्रावाच्या धोक्यासह फडावर पाठवणं. कागदावर उपचार उत्तम दिसतो, प्रत्यक्षात तो अर्धवट राहतो.

अशा वेळी पर्याय असतात. त्रास कमी असेल तर पुढे ढकलता येतं. पाणीच असेल तर प्लास्टिकचे स्टेंट टाकता येतात, ते जास्त काळ राहिले तरी चालतात. किंवा एकदाच ऑपरेशन करून जोड द्यायचा, ज्यात काढायला काही उरत नाही. पण मग कोयता हातात घ्यायला, मोळी उचलायला दीड-दोन महिने तरी थांबावं लागतं, म्हणजे त्या हंगामाचा प्रश्न येतो. कोणता तोटा सोसायचा, हे कुटुंबानं ठरवायचं आहे, आणि डॉक्टरनं दोन्ही तोटे स्पष्ट मांडायचे आहेत. धातूचा स्टेंट टाकलाच असेल तर तो टाकल्याची तारीख आणि काढायची तारीख मोठ्या अक्षरात लिहून घ्या. फडाजवळच्या शहरात तो काढता येईल का, याची चौकशी निघण्याआधीच करा. सुट्टीचं कार्ड आणि सीटीची सीडी सोबत न्या, गावी पेटीत ठेवू नका.

गाठ पुन्हा होते का?

होऊ शकते. स्वादुपिंडाची नळी मधूनच तुटली असेल तर तुटलेल्या भागापलीकडचं स्वादुपिंड रस तयार करतच राहतं आणि त्याला वाट नसते. अशा रुग्णांत जठरातले प्लास्टिकचे स्टेंट मुद्दाम दीर्घकाळ ठेवतात. म्हणूनच एमआरसीपीचा आग्रह धरतो.

पित्ताशयात खडेही आहेत. आधी काय?

खड्यांमुळे सूज आली असेल तर पित्ताशय काढावंच लागतं, नाहीतर पुन्हा झटका येतो. साधी सूज असेल तर त्याच भरतीत काढतात. पाणी साचलेलं असेल तर ते जिरेपर्यंत किंवा सहा आठवडे थांबतात. गाठीचं ऑपरेशन ठरलंच असेल तर एकाच भुलीत दोन्ही.

मुलगा नऊ वर्षांचा आहे, सायकलवरून पडून गाठ झाली.

मुलांत बऱ्याच गाठी आपोआप जिरतात. बालशल्यतज्ज्ञांना दाखवा आणि घाई करू नका.

मराठवाड्यात हे कुठे होतं? पैशांचं काय?

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथे शस्त्रक्रिया विभाग आहेत. सीटी, पोटावरून नळी आणि ऑपरेशन यांची पहिली चौकशी तिथेच करा. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड मोजक्या ठिकाणी असतं. त्यासाठी लोक संभाजीनगर, सोलापूर, पुणे किंवा हैदराबादला जातात. लांब जाण्याआधी फोन करून विचारा की हे मशीन आहे का, रक्तस्राव झाला तर धमनी बंद करणारे रेडिओलॉजिस्ट आणि सर्जन त्याच इमारतीत आहेत का. तिन्ही एकत्र असतील तिथेच जा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते योजनेतल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या पॅकेजनाच लागू होतं. भरती होतानाच रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा आणि तुमचा उपचार पॅकेजमध्ये बसतो का, स्टेंटचे पैसे त्यात येतात का, हे दोन प्रश्न विचारा. मंजुरी आधी लागते. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात. तिथल्या समाजसेवकाकडे उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. जमीन गहाण टाकण्याआधी या दोन्ही दारांवर जाऊन या.

निचरा झाल्यावर मालक थोडी थोडी घेतली तर चालेल म्हणतात.

नाही चालणार, वहिनी. थोडीही नाही, आणि तंबाखू-विडीही नाही. तंबाखूनं स्वादुपिंडाची सूज वाढते, हे सिद्ध झालेलं आहे. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर हातपाय थरथरणं, भास होणं, फिट येणं होऊ शकतं. म्हणून भरती असतानाच हे डॉक्टरांना सांगा, औषधं देऊन सोडवता येते.

घरी गेल्यावर कोणत्या गोष्टींसाठी लगेच यायचं?

रक्ताची उलटी, काळी किंवा लाल शौच, नळीच्या पिशवीत रक्त, अचानक घाम सुटून चक्कर येणं. थंडी वाजून ताप. पोट फुगून कडक होणं, न थांबणाऱ्या उलट्या. डोळे पिवळे होणं. नळी निघून येणं किंवा निचरा एकदम बंद होऊन पोटात दुखणं. रक्त दिसलं तर गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, सीटी आणि सर्जरीची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यायला सांगा, आणि पोहोचताच पहिलं वाक्य हे बोला: “यांच्या स्वादुपिंडाच्या गाठीचा निचरा झालाय, पोटात स्टेंट आहे.”